पिठीसाठी स्थळ

मांजराचं पिल्लू द्यायचं म्हटलं की गोखिवऱ्यात कुणीही हात पुढे करतं. पोरं तर शाळेच्या दप्तरात घालून न्यायला तयार असतात. पण चौदा वर्षांची मांजरी द्यायची म्हटलं, की त्याच माणसांना आपापल्या घरातल्या अडचणी एकदम आठवायला लागतात. कुणाचे सासरे आजारी, कुणाच्या घरी रंगकाम काढलेलं, कुणाच्या नवऱ्याला मुळात मांजरच आवडत नाही. आणि हाच नवरा मागच्या वर्षी जिन्यात बसून याच मांजरीच्या, पिठीच्या, गळ्याखाली खाजवत असलेला आशालताबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. वाद घालायचा तर अंगात जीव लागतो, आणि त्यांचा तो तीन आठवडे घरं फिरून संपला होता.

यात कुणाचा दोष होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. त्यांच्या मुलानं, कौस्तुभनं, नायगावला सातव्या मजल्यावर मोठा फ्लॅट घेतला होता. तो आणि सून अश्लेषा सकाळी सातला मुंबईला निघत ते दिवेलागणीनंतरच परतत, आणि अडीच वर्षांची उन्नती दिवसभर पाळणाघरात. आशालताबाई आणि त्यांचे यजमान जयवंत यांनी गोखिवऱ्याची तळमजल्यावरची जागा विकायची आणि नायगावला राहायला यायचं, हे दिवाळीआधीच ठरलं होतं. पिठीही येणारच होती. मग दिवाळीला उन्नती चार दिवस आजीकडे राहिली, पिठीच्या पोटावर डोकं ठेवून लोळली, आणि भाऊबीजेच्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. बाळदमा. घरात काय काय आहे असं डॉक्टरांनी विचारलं, आणि मांजर म्हटल्यावर पुढचं काही विचारलंच नाही. वाफेचा मास्क पोरीच्या इवल्या तोंडाला मोठा होत होता. तो हातानं धरून आशालताबाई दोन तास बसल्या होत्या. पिठीला नेता येईल का, हे त्यांनी त्यानंतर कुणालाही विचारलं नाही.

अश्लेषा वाईट सून असती तर बरं झालं असतं, असं त्यांना मधूनमधून वाटे. निदान मनातल्या मनात तिला चार शब्द सुनावता आले असते. पण ती बिचारी स्वतःहून म्हणाली होती, "आई, आपण बाल्कनीला जाळी लावून पिठीला तिकडेच ठेवू या का? मी डॉक्टरांना विचारते." विचारलंही. डॉक्टर नाही म्हणाले तेव्हा फोनवर सूनच रडली, आणि तिची समजूत काढायचं कामही सासूबाईंच्याच गळ्यात पडलं.

तर महिनाअखेरीला जागेची चावी नव्या मालकाला द्यायची होती आणि त्याच्या आत पिठीला घर हवं होतं. एवढं एकच काम. बाकीचं सामान कुठेही कोंबता येतं, विकता येतं, भंगारात घालता येतं.

पिठी ब्याण्णव सालची. इमारतीच्या कोपऱ्यावर चंद्रहास म्हणून एकाची पिठाची गिरणी आहे, तिथल्या रिकाम्या डब्यामागे जन्मली. डोळे उघडायच्या आधीच पिठानं माखली होती, म्हणून हे नाव. धुऊन काढल्यावर खाली करडी निघाली, पण नाव तेच राहिलं. आता तिचा डावा कान फाटका होता, पुढचे दोन दात गेलेले, आणि पलंगावर चढताना ती आधी खाली उभी राहून जरा वेळ वर बघत बसायची. तसंच आशालताबाईही आताशा जिना चढण्याआधी करायच्या, त्यामुळे त्यांना त्यात काही नवल वाटत नसे. खाणं म्हणजे उकडलेली मांदेली, काटे काढून, मऊ भातात कालवलेली. आणि बशीही जमिनीवर नाही, उलट्या डब्यावर ठेवायची, कारण मान खाली घालवत नाही. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "बघतो, सांगतो तुम्हाला."

"वय जास्त, दात पडलेले, खाण्याचे नखरे आणि स्वभाव तापट," जयवंत म्हणत. "हे स्थळ जमायचं कसं?" पोस्टात सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दुःखावर शिक्का मारून पुढे सरकायची सवय लागते, असं आशालताबाईंचं मत होतं. पण हेच जयवंत चष्मा नाकावर ओढून रोज सकाळी मांदेलीचे काटे काढत बसायचे, आणि एखादा राहिला तर बायकोवर चिडायचे.

पहिलं स्थळ चंद्रहासचंच आलं. "जन्म आमच्या गिरणीतलाच आहे काकी, माहेरी आल्यासारखी राहील. उंदीर फार झालेत." आशालताबाईंना वाटलं, सुटलो. चंद्रहास पिठीला न्यायला आला, तिचं तोंड उघडून आत बघितलं आणि हळूच मिटलं. उंदीर मारायला दात लागतात, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. नुसतं म्हणाला, "थंडीत पिठाची धूळ बाधेल तिला." पिठानं माखून जन्मलेल्या जिवाला पिठाची धूळ बाधते, हे त्या दिवशी नव्यानं कळलं.

मासे घेऊन दारावर येणारी जिजा कोळीण सगळं रोज ऐकत होती. एक दिवस टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "वयनी, येवढा जीवाला घोर कशाला लावून घेता? गोनीत घाला नि खाडीपल्याड सोडून या. मधी पानी आलं की मांजर मागारी येत नाय."

"आणि तिकडे खाईल काय ती?"

"खाईल नायतर नाय खाईल. म्हाताऱ्या मानसांना तरी कोन इचारतंय." असं म्हणून जिजानं वाट्यावर दोन मांदेल्या जास्त टाकल्या, आणि "ह्या तिच्यासाठी" असं पुटपुटली. आशालताबाईंनी मासे धुतले आणि बेसिनपाशीच थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत नव्हतं. नुसतं बसावंसं वाटत होतं, आणि घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर बांधलेली खोकी होती.

स्थळ शेवटी जमलं ते राधिकामुळे. आशालताबाई वसईतल्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून होत्या, तेव्हा राधिका त्यांच्या हाताखाली नवीन लागली होती. ती भुईगावची सून. तिचा फोन आला, "ताई, आमच्या सासूबाई म्हणतायत, मांजर बघायला नको, आधी तुम्हीच घर बघून जा."

आशालताबाई गेल्या. चिंचोळ्या गल्लीतून आत गेल्यावर केळी, पानवेली, सोनचाफ्याची दोन झाडं, विहीर, आणि मधे कौलारू घर. राधिकाच्या सासूबाई रुक्मिणी पडवीत चाफ्याच्या कळ्या निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, हाडकुळ्या, बोलायला मोजक्या. त्यांचे यजमान नरहरी बाजूलाच केळीचा घड टांगत होते. ते आपसात त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले, आणि मग रुक्मिणीबाईंनी पाहुणीला समजेल अशा भाषेत विचारलं, "हाक काय मारता तिला?"

तीन आठवड्यांत कुणीही हे विचारलं नव्हतं. दात किती, खाते काय, घाण करते का, एवढंच सगळ्यांनी विचारलं होतं. आशालताबाईंनी नाव सांगितलं. मग बसते कुठे, उन्हात की सावलीत, अंगाला हात लावलेला चालतो का, कुठं लावलेला चालत नाही, असं एकेक रुक्मिणीबाईंनी विचारलं आणि उत्तरं ऐकताना कळ्या निवडणं थांबवलं नाही. "म्हातारी आहे ते बरंच," त्या शेवटी म्हणाल्या. "पिल्लाच्या मागं धावायला माझे पाय कुठे आहेत?"

परत येताना आशालताबाईंना रिक्षात झोप लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

आता त्यांच्या माहेरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. त्यांचं माहेर संगमेश्वरकडचं. तिकडे बाळंतपण आटोपून मूल आजोळाहून बापाच्या घरी निघालं, की त्याच्याबरोबर एक दुपटं द्यायचं. आजीच्या नेसत्या सुती साडीचं, चार घड्या घालून शिवलेलं, आणि शिवायच्या आधी साडी धुवायची नाही. नव्या घरात मूल दचकू नये, आजीचा वास अंगाखाली असावा म्हणून. आशालताबाईंच्या आईनं कौस्तुभला तसं दुपटं दिलं होतं. आशालताबाईंना मुलगीच नव्हती, त्यामुळे असं दुपटं त्यांच्या हातून कधी गेलं नव्हतं. ते त्यांनी पिठीसाठी शिवलं. निळी, पांढऱ्या बुंदक्यांची साडी, रोज स्वयंपाक करताना नेसायची. खोक्यांच्या ढिगाऱ्यात सुईदोरा शोधायलाच त्यांना एक दुपार लागली.

"हे काय चाललंय?" जयवंतांनी विचारलं.

"दुपटं."

त्यांनी थट्टा केली नाही.

पाठवणीच्या दिवशी जयवंत आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. दुखत होतेच, पण आदल्या दिवशी ते त्याच गुडघ्यांवर बँकेत जाऊन आले होते. आशालताबाईंनी आंब्याच्या करंडीत दुपटं घातलं, त्यावर पिठीला ठेवलं, झाकण सुतळीनं बांधलं. रिक्षानं स्टेशन, मग पूल चढून पश्चिमेला, तिथून दुसरी रिक्षा. पुलाच्या पायऱ्यांवर त्यांनी करंडी दोनदा खाली ठेवली. पिठी ओरडली नाही. दुपट्यावर नाक टेकून बसली होती, ते करंडीच्या फटीतून दिसत होतं. दुपट्याचा गुण आला, असं आशालताबाईंना वाटलं.

भुईगावला पोचल्यावर पिठी करंडीतून उतरलीच नाही. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "राहू दे, आपोआप उतरेल. तुम्ही आता मागं न बघता जा. आणि सव्वा महिना इकडं येऊ नका. आल्यात तर ती जागेवर रुजायची नाही." आशालताबाई मान हलवून निघाल्या. मागे बघितलं नाही.

सहाव्या दिवशी राधिकाचा फोन आला. ती आडून आडून बोलायला लागली, तेव्हाच आशालताबाई खाली बसल्या.

पिठी पडवीलगतच्या लाकडांच्या खोलीत शिरली होती, दुपटं तोंडानं ओढत घेऊन गेली होती, आणि त्याच्यावर बसून होती. पहिल्या दिवसापासून अन्नाला तोंड लावलेलं नाही. पाणी तेवढं प्यायली, तेही कुणी बघत नसताना. मांदेली उकडून, काटे काढून, उलट्या डब्यावर ठेवून, सगळं झालं. बाबांनी, म्हणजे नरहरींनी, दुपटं जरा सरकवायला हात घातला तर तिनं मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं.

"ताई, सासूबाई म्हणतायत तुम्ही या."

"त्याच म्हणाल्या होत्या ना, सव्वा महिना येऊ नका?"

"तिला न्यायला नाही," राधिका म्हणाली. "दुपटं न्यायला."

जयवंत बाजूलाच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि ताडकन म्हणाले, "घेऊन ये तिला परत. बस झालं."

"आणि?"

"आणि आपण इथंच राहू. त्या माणसाला सांगू, जागा द्यायची नाही."

कालच उन्नतीला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं होतं, या वेळी मांजराशिवायच, पाळणाघरातल्या सर्दीनं. अश्लेषानं आठवडाभराची रजा काढली होती आणि पुढच्या आठवड्याची मिळणार नव्हती. जयवंतांना हे सगळं माहीत होतं. ते खोक्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. "मग जा," म्हणाले. "मला काय विचारतेस?" त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशालताबाई भुईगावला पोचल्या, तेव्हा रुक्मिणीबाईंनी त्यांना पडवीच्या बाहेरच अडवलं, विहिरीपाशी. आवाज हळू ठेवून बोलल्या.

"तुमची चूक नाही. मलासुद्धा वाटलं होतं, कापड असलं तर बरं. पण लेकराला आणि मांजराला एकच औषध लागू पडत नाही, बाय. लेकराला आई जवळच असते, म्हणून आजीचं कापड चालतं. हिला वाटतंय, तुम्ही जरा कुठं बाहेर गेलायत. तुमचं कापड राखत बसलीय. तुम्ही येणार, मग जेवणार."

सहा दिवस उपाशी बसून ती आपली वाट बघत होती, आणि तिला वाट बघायला आपणच बसवलं होतं.

"मग तुम्हीच काढून टाकायचंत," आशालताबाई कशाबशा म्हणाल्या.

"मी काढलं तर माझ्यावर डूख धरेल. मग आमचं दोघींचं जमायचं नाही कधी. मला तिच्याबरोबर राहायचंय." रुक्मिणीबाईंनी पदरानं हात पुसले. "रागच धरायचाय तिला, तर तो जाणाऱ्या माणसावर धरू दे. हाक मारू नका, हात फिरवू नका. कापड घ्यायचं आणि बाहेर यायचं. चोरानं न्यावं तसं."

आशालताबाईंनी चपला काढल्या. लाकडांच्या खोलीला अर्धं दार होतं. आत अंधारलेलं, सुक्या फाट्यांचा वास. कोपऱ्यात निळं दुपटं आणि त्यावर पिठी. तिची पाठ इतकी वर आली होती की मणके मोजता आले असते. तिनं मान वळवली आणि बघितलं.

ती ओरडली नाही, उठलीही नाही. नुसती घशातल्या घशात घरघरायला लागली. चौदा वर्षं आशालताबाई बाहेरून घरी आल्या की ती अशीच घरघरायची, आणि त्या म्हणायच्या, "आले गं आले, दम धर." ते शब्द त्यांच्या तोंडात आले. त्यांनी ओठ आत दाबून धरले. खाली बसल्या, गुडघ्यांतून कळ गेली, आणि दुपट्याचं एक टोक धरलं.

पिठीच्या पुढच्या पायांची नखं कापडात रुतली होती. ती एकेक सोडवावी लागणार होती. आशालताबाईंनी पहिलं नख सोडवलं आणि ओरबाडा बसेल म्हणून हात आखडून थांबल्या. आत्ता ती फिस्कारेल, आत्ता चावेल. चावली तर बरं, असंही त्यांना वाटत होतं. पिठी चावली नाही. तिनं पंजा सैल सोडला आणि पुढे केला, नखं कापायच्या वेळी करायची तसा. मग दुसरा. आशालताबाईंनी नखं सोडवली, पोटाखालून कापड ओढलं, तेव्हा तिनं स्वतःच कूस उचलून ते निघू दिलं. सहा दिवस कुणाला बोट लावू दिलं नव्हतं ते कापड तिनं यांच्या हातात सहज दिलं. यांचंच होतं ते. मग ती उभी राहिली, पाय लटपटत होते, आणि आशालताबाईंच्या गुडघ्याला डोकं घासायला पुढे आली.

आशालताबाई उठल्या. बाहेर आल्या. अर्ध्या दाराला कडी लावली.

मागे पिठीनं हाक दिली. दूध उशिरा झालं की देते तशी, जरा रागावलेली, पण भरवशाची. मग आणखी एक. आशालताबाई विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि दुपटं मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कान झाकले. राधिकानं पाणी आणून ठेवलं, ते त्यांना दिसलंही नाही.

रुक्मिणीबाई कळ्यांचं सूप घेऊन खोलीत गेल्या. राधिकानं नंतर सांगितलं, त्या मांजराजवळ गेल्याच नाहीत. दारालगत भुईवर बसून, तिच्याकडे पाठ करून, कळ्या निवडत राहिल्या, आणि घरच्या बोलीत काहीबाही बोलत राहिल्या, केळी किती गेल्या, सुनेनं भाजीत मीठ कसं जास्त घातलं, असलं. बाजूला डब्यावर बशी होती. हाका थांबल्या. बराच वेळ नुसता बोलण्याचा आवाज येत राहिला.

अर्ध्या तासानं रुक्मिणीबाई बाहेर आल्या. बशी हातात होती. "खाल्लं," म्हणाल्या. "सगळं नाही. पण खाल्लं."

आशालताबाईंनी हात जोडले. जे मागायला त्या तीन आठवडे दारोदार फिरल्या होत्या, ते मिळालं होतं. पिठी जगणार होती, तिला घर होतं, उन्हाची पडवी होती, आणि तिच्याशी मिठाबद्दल बोलणारं माणूस होतं. आणि तरीही त्या बशीकडे बघत राहिल्या. फक्त अर्धा तास. निदान दुपारपर्यंत तरी तिनं वाट बघायला हवी होती, असं मनात आलं, आणि असं मनात यावं याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी पदर तोंडात धरला. रुक्मिणीबाईंना ते कळलं असावं. त्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "मी लेकीला पहिल्यांदा सासरी घातलं, तेव्हा चौथ्या दिवशी निरोप आला, पोर रुळली म्हणून. त्यावर दोन दिवस मी जेवले नव्हते. रागानं."

पुढच्या वाटेनं गेलं तर पिठीला पाऊल ओळखू येईल, म्हणून नरहरींनी त्यांना केळीतून, मागच्या बांधानं रस्त्यावर काढून दिलं. त्यांच्या हाताला पट्टी होती. आशालताबाई त्याबद्दल काही बोलायला गेल्या, तर त्यांनी ती मागे लपवली.

घरी आल्या तेव्हा चार वाजले होते. जयवंत खोली रिकामी करून बसले होते. पिठीची बशी, डबा, केस विंचरायची तिची फणी, काहीच कुठे दिसत नव्हतं. कुठे ठेवलं ते आशालताबाईंनी विचारलं नाही. दुपट्याला करडे केस चिकटले होते आणि ते केस नायगावच्या घरात जाऊन चालणार नव्हते. त्यांनी मोरीत बादलीभर साबणाचं पाणी केलं आणि दुपटं त्यात बुडवलं. वर येत होतं, ते हातानं दाबून धरलं.

जयवंत मोरीच्या दारात येऊन उभे राहिले.

"जेवली?"

"जेवली."

"सगळं?"

"सगळं," आशालताबाई म्हणाल्या.

ते जागचे हलले नाहीत. रुक्मिणीबाई काय म्हणाल्या होत्या, कापड का आणायचं, राग कुणावर धरू द्यायचा, हे सगळं राधिकानं दुपारी फोनवर त्यांना सांगितलं होतं. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला.

"रागावली का मग तुझ्यावर?"

बादलीतल्या पाण्यावर केस तरंगायला लागले होते. तो पुढे केलेला पंजा आशालताबाईंच्या डोळ्यांसमोर होता. तो आता जन्मभर डोळ्यांसमोर राहणार होता, आणि दोघांनी मिळून तो बघत बसण्यात काही अर्थ नव्हता.

"फार रागावली," त्या म्हणाल्या. "बोचकारायला आली. माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती."

जयवंतांनी मोठा श्वास सोडला.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि खोक्यांना सुतळी बांधायला आत गेले.